तुम्ही विचारलंत म्हणून: मागायच्या आधी कसं कळतं?

नर्सिंगच्या मुली ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, पोस्टिंगला आल्या की दोन-तीन दिवसांत हा प्रश्न येतोच. “सिस्टर, सरांनी काही मागितलंच नव्हतं, तरी तुम्ही आर्टरी हातात दिलीत. कसं काय कळलं?” (आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा.) बेळगावात ओटीत इतकी वर्षं काढल्यावर याचं उत्तर नीट द्यावं असं वाटतं, कारण बहुतेक मुली डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं बघत उभ्या राहतात. मीही तेच करायचे.

मला शिकवलं ते एका कन्नड सीनिअर सिस्टरनी. आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणायचो. माझं कन्नड तेव्हा ‘बेगा कोडी’ (लवकर द्या), ‘साकु’ (पुरे) एवढ्यापुरतंच. पहिल्याच आठवड्यात त्या मास्कमधून म्हणाल्या, “मुख नोडब्याड, कै नोड.” तोंड बघू नको, हात बघ.

माझं गाव खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या पुढं. भाताची नट्टी, म्हणजे लावणी, सुरू झाली की आई मला रोपांच्या मुठी पुरवायला लावायची. बायका वाकून मागं मागं सरकत लावत जायच्या. कुणाच्या हातातली रोपं संपत आलीत हे बघून पुढची मूठ आधीच तिच्याजवळ पडायला हवी. उशीर झाला तर तिला कंबर सरळ करावी लागते आणि अख्खी ओळ खोळंबते. म्हणून अक्कांचं म्हणणं मला लगेच पटलं. जमायला मात्र वर्ष गेलं.

सिझरचंच, म्हणजे पोट उघडून केलेल्या बाळंतपणाचंच, घ्या. कातडीचा छेद झाला की ती सुरी बाजूला, पुढच्या थरांना दुसरी. रक्त दिसलं की आर्टरी आणि मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड. पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या आतलं पातळ अस्तर, दोन आर्टरीत उचललं की मागण्याची वाट बघायची नाही, कात्री पुढं. मूत्राशय बाजूला धरून सांभाळायला डॉयन रिट्रॅक्टर, रुंद पात्याचं अवजार. गर्भाशयावर छोटा छेद दिसला की माझा हात सक्शनच्या नळीकडं, कारण आता पाणी येणार. सरांचा हात आत गेला की डॉयन बाहेर, आणि तोवर नाळेचे दोन क्लँप आणि कात्री माझ्या हातात तयार. बाळ रडलं की सगळ्यांच्या माना तिकडं वळतात. माझी वळत नाही, कारण गर्भाशयाच्या कडांतून रक्त येत असतं. त्या कडा धरायला ग्रीन आर्मिटेज चिमटे चार, आणि एक नंबरचं व्हिक्रिल, म्हणजे टाक्याचा धागा, नीडल होल्डरवर (सुई धरायच्या अवजारावर) आधीच चढवलेलं. म्हणजे मनातलं ओळखायचं काहीच नसतं. ऑपरेशनच्या पायऱ्या डॉक्टरांइतक्याच आपल्याला पाठ हव्यात. केसच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक उघडून बसायला मी मुलींना सांगते ते यासाठी.

देणंही शिकावं लागतं. अवजाराची मूठ सरांच्या तळहातात ठामपणे बसली पाहिजे, नजर न हलवता वापरता आलं पाहिजे. सुई होल्डरमध्ये टोकापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर धरायची, आणि सर्जन डावखुरे असतील तर उलट्या दिशेला. दोन बोटं कात्रीसारखी हलली तर कात्री, मनगट फिरलं तर टाका. ट्रॉलीवर प्रत्येक वस्तूची जागा रोज तीच ठेवा, म्हणजे शोधायला डोळे जखमेवरून काढावे लागत नाहीत. माझ्याकडं एक वही आहे: कुणाचा ग्लोव्ह सात, कुणाचा साडेसात, कुणाला कुठला धागा. ग्लोव्हचं निघालंच म्हणून सांगते. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉल्स्टेड नावाच्या सर्जननी रबरी ग्लोव्ह करून घेतले ते आपल्यासारख्याच एका स्क्रब नर्ससाठी, कॅरोलिन हॅम्प्टनसाठी. जंतुनाशकानं तिच्या हातांची कातडी सोलवटत होती. मुलींना हे सांगताना मला फार बरं वाटतं.

हात धुण्याबद्दल थोडक्यात: बोटांपासून कोपराकडं, पाणी कोपरावरूनच गळलं पाहिजे, आणि घाई नको.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. पोट बंद करायच्या आधी मॉप मोजताना एकदा मला एक कमी लागला. केस लांबली होती, सर टाक्यासाठी हात पुढं करून उभे. त्या हाताला काय हवंय ते मला स्पष्ट दिसत होतं, नीडल होल्डर तयारही होता. मी दिला नाही. “सर, थांबा. एक मॉप कमी आहे.” आवाज कापत होता. ते चिडले, म्हणाले आत काही नाही. फ्लोअर सिस्टरनी, म्हणजे ऑपरेशनबाहेर राहून मदत करणाऱ्या सिस्टरनी, बादली उपसली, जमीन बघितली, आणि मी परत मोजलं. तरी एक कमीच. मग सरांनी स्वतः आत हात घातला. आतड्यांच्या मागं, रक्तानं भिजून अगदी तिथल्यासारखाच रंग झालेला तो मॉप निघाला.

मी मोठ्यानं आकडा सांगितला, फ्लोअर सिस्टरनी सुरुवातीला फळ्यावर लिहिलेल्या आकड्याशी जुळवला, आणि मग नीडल होल्डर दिला.