तुम्ही विचारलंत म्हणून: बुरशीचं नाव सारखं का बदलता?

"रोग तोच, औषध तेच, मग नाव कशाला बदलता, मॅडम?" लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, सगळीकडे विचारून झालंय. मिरचीच्या फळकुजीची बुरशी कोलेटोट्रायकम कॅप्सिसी होती, ती ट्रंकॅटम झाली, त्याचा हा राग. जणू मीच बारसं केलं.

मी नाही केलं. उलट जन्मभर कॅप्सिसीच शिकवलं. पिकल्या मिरचीवर खोलगट डाग, त्यात गोल गोल मांडलेले काळे ठिपके. सुईने खरवडून स्लाइडवर घेतलं की काळे राठ केस आणि विळ्यासारखे बीजाणू. झालं, कॅप्सिसी!

2010 मध्ये एका एम.एस्सी.च्या मुलीने प्रबंधात ट्रंकॅटम लिहिलं. तोंडी परीक्षेत, बाहेरच्या परीक्षकांसमोर, मी म्हटलं, "हे घेवड्यावरचं नाव. मिरचीवर कुठून आलं?" आणि हसले. ती पेनाचं टोपण लावत-काढत म्हणाली, "मॅडम, गेल्या वर्षी संशोधनाचा पेपर आलाय. दोन्ही एकच निघाल्यात. ट्रंकॅटम 1832 चं, कॅप्सिसी 1913 चं. जुनं नाव राहतं." मी म्हटलं, "पेपर रोज येतात." परीक्षकही हसले. पानोपानी नाव बदलून तिला चारही प्रती पुन्हा बाइंड कराव्या लागल्या. तो पेपर मी दीड वर्षाने वाचला. तिचंच बरोबर होतं. फोन नाही केला.

न वाचता हसलीस कशाला, असं त्या वेळच्या मला विचारावंसं वाटतं. ती म्हणेल, मग इतकी वर्षं शिकवलेलं कुठे नेऊन टाकू?

तिचंही अगदीच खोटं नाही. 1957 मध्ये बुरशीतज्ज्ञ फॉन आर्क्स यांनी कोलेटोट्रायकमची सुमारे 750 नावं छाटून 11 जाती ठेवल्या. आम्ही त्यांच्यावर वाढलो. 2012 मध्ये त्यातल्या एकट्या ग्लिओस्पोरिऑइडिस या जातीच्या गटातच 22 जाती निघाल्या. बुरशीच्या दोन अवस्थांना दोन नावं चालायची, तेही 2011 मध्ये संपलं; एका बुरशीला एकच नाव असं ठरलं आणि उसाच्या लाल कुजीच्या कोलेटोट्रायकमसाठी घोकलेलं ग्लोमेरेला हे दुसरं नावही गेलं.

औषधाचं म्हणाल, तर कॅप्सिसीचं ट्रंकॅटम झाल्याने फवारणीत काडीचा फरक पडत नाही. कबूल. पण अ‍ॅक्युटॅटम या कोलेटोट्रायकमच्याच दुसऱ्या गटातली बुरशी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाला तितकीशी दाद देत नाही. ती ग्लिओस्पोरिऑइडिस समजून मारलेला पंप वाया जाऊ शकतो. हे मी शेतकऱ्याला सांगते तेव्हा तो मान हलवतो, आणि मी कोणाला पटवतेय ते मलाच कळत नाही.

परवा स्लाइडचा डबा उघडला. सगळ्या लेबलांवर माझ्याच अक्षरात कॅप्सिसी. एकावर पेन्सिलीने ट्रंकॅटम लिहिलं, बाकीचा डबा तसाच मिटून ठेवला.