ए-११५ डबल डेकर: वर जागा, खाली रेटारेटी

हौसेनं मुंबईच्या डबल डेकरमध्ये बसायचं असेल, तर सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या वेळा टाळा. एवढंच हवं असेल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. पण कामावर जाणाऱ्याला वेळ निवडता येत नाही, आणि घरी आलेल्या पाहुण्यालाही कधीकधी येत नाही. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

माझं ऑफिस नरिमन पॉइंटला, त्यामुळे सीएसएमटी स्टेशन ते एनसीपीए (नरिमन पॉइंटच्या टोकाचं कलाकेंद्र) ही ए-११५ माझ्या रोजच्या रस्त्यावरची बस. रोज मिळते असं नाही, पण जी आधी लागेल ती पकडायची या हिशेबात ती पुष्कळदा वाट्याला येते. या वेळी सोबत सांगलीहून आलेला भाचा होता. अकरावीत आहे, कॉलेजला सुट्टी. मुंबईत त्याला दोनच गोष्टी करायच्या होत्या, त्यातली एक ही. दुसऱ्या दिवशी त्याची परतीची गाडी, म्हणून नेमका कामाचा दिवस आणि नेमकी सकाळची वेळ आली. डोंबिवलीहून येताना लोकलमध्येच त्याला सांगून ठेवलं होतं, "पुढची सीट मिळेलच असं धरून चालू नकोस." त्यावर उत्तर, "मामा, तुम्ही फक्त मला रांगेत उभं करा."

सीएसएमटीच्या बाहेर आलात की भाटिया बागेच्या बाजूला बसचे स्टॉप आहेत. तिथे एकापेक्षा जास्त रांगा असतात, आणि बाहेरगावच्या माणसाला कुठली कशाची हे कळत नाही. नुसत्या पाठी बघून उभे राहू नका, शेवटच्या माणसाला विचारा. मुंबईत रांग मोडणाऱ्याला जितका राग मिळतो, तितकीच विचारणाऱ्याला मदत मिळते. शेअर टॅक्सीच्या रांगेत चुकून उभे राहिलात तर नरिमन पॉइंटला पोहोचाल, पण डबल डेकर राहील.

रांग तशी शिस्तीची असते, पण बस दिसेपर्यंतच. लाल दुमजली धूड वळणावर दिसलं की मागचे लोक बाजूने पुढे सरकायला लागतात. चढणारे दारापाशी अर्धवर्तुळ करून उभे राहतात आणि उतरणाऱ्यांना त्या अर्धवर्तुळातून वाट काढावी लागते. पाच-सात सेकंद दार मोकळं ठेवलं तर बस निम्म्या वेळात भरेल, हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी सगळे उभे तिथेच. नवख्यांनी दाराच्या बरोबर समोर न थांबता जरा बाजूला उभं राहावं. उतरणारे संपले की आपोआप आत ओढले जाता.

आता खरी गंमत. आम्ही चढलो तेव्हा खालचा मजला ठासून भरलेला, दारातल्या माणसाच्या पाठीवरची सॅक दार लागताना अडकत होती. कंडक्टर ओरडत होता, "ऊपर खाली है, ऊपर चलो! पुढे सरका, जिना सोडा!" आणि खरंच वर जागा होत्या. एकदोन नाही, मागच्या बाजूला ओळीच्या ओळी. जिन्याच्या तोंडाशी चारपाच जण ठिय्या देऊन उभे. एकाच्या कानात इअरफोन, दुसरा फोनवर कुणाला तरी "बस्स, पोहोचतोच आहे" सांगत होता, आणि एक बाई पहिल्या पायरीला टेकून, दोन पिशव्या पायाशी ठेवून. भाच्यानं "एक्स्क्यूज मी" म्हटलं. कोणी हललं नाही. मी म्हटलं, "वर जायचंय, जरा जागा द्या." तेव्हा त्या बाईंनी एक पिशवी उचलली. दुसरी उचलली नाही. भाचा ती ओलांडून वर गेला आणि मागे वळून म्हणाला, "मामा, वर तर सगळं रिकामंच आहे!" हे त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की खालचे तिघे निमूट वर गेले.

त्यानंतर मी त्या बाईंना सहज विचारलं, वर का नाही जात? त्या म्हणाल्या, "वर गेले तर उतरायला मिळत नाही हो. माझा स्टॉप लगेच येतो." पटण्यासारखंच उत्तर होतं. या मार्गावर कुणाचाच प्रवास लांबचा नाही. दहा-पंधरा मिनिटांसाठी जिना चढायचा, बसायचं, पुन्हा जिना उतरून गर्दीतून दार गाठायचं, त्यापेक्षा दाराजवळ उभं राहिलेलं बरं असा प्रत्येकाचा हिशेब असतो. प्रत्येकाचा हिशेब बरोबर, आणि सगळ्यांचा मिळून जिना बंद. जिना बंद म्हणून वरच्याला उतरता येत नाही, आणि वरून उतरता येत नाही म्हणून कोणी वर जात नाही. बस भरली असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा फक्त दार आणि जिना भरलेले असतात.

जुन्या डबल डेकरमध्ये हे कमी व्हायचं. आठवणींचा लळा म्हणून सांगत नाही. त्या बसला मागे उघडा प्लॅटफॉर्म होता आणि जिना तिथूनच वर जायचा. दोन कंडक्टर, एक खाली, एक वर. खालचा त्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे जिन्याच्या पायथ्याशीच, आणि लोकांना वर हाकलणं हे जणू त्याच्या कामातच धरलेलं. दोरी ओढून घंटी द्यायची, एक टोला थांबायला, दोन निघायला. सिग्नलला बस थांबली की निम्मे लोक उडी मारून पसार. धोक्याचंच होतं ते, पण स्टॉपवर गर्दी तुंबायची नाही. नव्या बसला बंद होणारी दारं आहेत, एसी आहे, जिने एक सोडून दोन आहेत. उतरायचं ते स्टॉपवर आणि दारातूनच. सुरक्षित आहे, हवंच होतं. फक्त आता दारापाशी आणि जिन्यापाशी उभं राहण्याची किंमत सगळी बस मोजते, ही गोष्ट प्रवाशांच्या अंगवळणी अजून पडलेली नाही.

मुंबईत डबल डेकर बस १९३७ मध्ये आली. दुमजली ट्राम त्याच्याही आधी, १९२० पासून होत्या. गर्दी वाढतेय, रस्ता तेवढाच आहे, तर बस उभी वाढवा, असा तो सरळ विचार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला या शहरात नऊशेच्या आसपास डबल डेकर धावत. मग एकेक करून त्या मोडीत निघाल्या, आणि शेवटची डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी ४१५ क्रमांकाच्या मार्गावर, अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झकडे धावली. हार घालून, फुगे लावून लोकांनी तिला निरोप दिला. विजेवरची एसी डबल डेकर त्याच वर्षी फेब्रुवारीत याच ए-११५ वर सुरू झाली होती. जुन्या नऊशेच्या मानानं नव्यांची संख्या फारच थोडी, त्यामुळे कामावर जाणारा, फिरायला आलेला आणि रील काढणारा असे तिघेही त्याच मोजक्या बसमध्ये चढतात.

तिकीट स्वस्तच आहे. मे २०२५ मध्ये भाडी वाढली, एसी बसचं पाच किलोमीटरपर्यंतचं तिकीट सहावरून बारा रुपये झालं. सीएसएमटी ते एनसीपीए एवढ्यात बसतं. डबल डेकरचं वेगळं भाडं नाही, वरच्या मजल्याचंही नाही. चलो अॅपवर तिकीट काढता येतं आणि बस कुठे आहे तेही बघता येतं. कामाच्या वेळी रोख देणार असाल तर बारा रुपये सुटे हातात ठेवा. पाचशेची नोट काढलीत तर कंडक्टर काही बोलेल न बोलेल, मागचा प्रवासी नक्की बोलेल.

वर पोहोचल्यावरचं वेगळंच शास्त्र. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, काचेला लागून असलेल्या पुढच्या सीट सगळ्यांना हव्या असतात. आमच्या आधी तिथे एक जोडपं बसलं होतं, आणि शेजारच्या सीटवर त्यांची बॅग. बॅगेला तिकीट नसतं, हे भाच्याला माहीत असूनही तो अवघडून उभा राहिला. शेवटी मागून एक गृहस्थ, हातात डब्याची पिशवी, रोजचेच असावेत, म्हणाले, "अहो, मुलाला बसू द्या की. तुमची बॅग उद्या पण येईल." बॅग मांडीवर गेली. जोडपं हसलं, भाचा बसला. वर उभं राहायला परवानगी नाही, छतही ठेंगणं आहे, त्यामुळे जागा नसेल तर खाली यायचं. जागा धरून ठेवण्याचा प्रकार म्हणूनच वर जास्त चिडचिड करतो. खाली उभं तरी राहता येतं.

बसल्यावर मात्र दादाभाई नौरोजी रस्ता असा दिसतो की बोलणं थांबतं. फुटपाथवरून चालताना आपण कमानींच्या सावलीतून जातो, वरचं काही दिसत नाही. बसच्या वरच्या मजल्यावरून नजर बरोबर पहिल्या मजल्यावर येते. कमानींवरचे कोरीव मुखवटे, लाकडी सज्जे, पेटिट लायब्ररीच्या इमारतीचा दर्शनी भाग, पुढे दादाभाईंचा पुतळा, आणि मग हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन जरा वरून. झाडाची फांदी काचेला घासत गेली की पुढच्या सीटवरचे सगळे, मोठी माणसंसुद्धा, डोकं खाली घेतात. काच बंद असते, वारा लागत नाही. जुन्या बसमधला तो वारा गेला तो गेला. पण मे महिन्यात एसीत बसून हे बोलायला जीभ धजत नाही.

उतरायची तयारी स्टॉप आल्यावर नाही, एक स्टॉप आधी सुरू करा. बस थांबलेली असताना सीटवरून उठा, दांडी धरून जिन्याशी या आणि जिन्यावर उभ्या असलेल्याला विचारा, "उतरणार का?" या दोन शब्दांवर मुंबईची बस चालते. "नाही" म्हणाला तर तो बाजूला होतो, "हो" म्हणाला तर त्याच्यामागे उभं राहायचं. नुसतं ढकललंत तर दोन्हीही होत नाही. धावत्या बसमध्ये जिना उतरताना हातात मोबाइल नको. आमच्या पुढे एक तरुण खिडकीतून शेवटचा व्हिडिओ काढत काढत उतरत होता. ब्रेक लागला, तो दोन पायऱ्या घसरला आणि खालच्या माणसाच्या खांद्यावर अडला. लागलं कोणालाच नाही, शिव्या मात्र दोघांनीही खाल्ल्या.

सॅक पुढे छातीशी घ्या, ही लोकलमधली सवय इथेही चालते. बसच्या अरुंद मधल्या वाटेत पाठीवरची सॅक एका माणसाची जागा खाते, आणि वळताना बसलेल्याच्या तोंडावर येते ती वेगळीच. आजी-आजोबांना वर नेण्याचा आग्रह धरू नका. खालच्या राखीव जागा त्यांच्यासाठी आहेत, आणि त्या मागून घ्यायला संकोच करू नका. आमच्याच बसमध्ये एका आजींनी राखीव जागेवर बसलेल्या मुलाला फक्त वरच्या पाटीकडे बोट दाखवलं. तो उठला. एक शब्द झाला नाही.

संध्याकाळी परत येताना चित्र उलटं होतं. नरिमन पॉइंटची ऑफिसं एकाच वेळी सुटतात आणि सगळ्यांना सीएसएमटीची लोकल गाठायची असते. सकाळी लोक निदान झोपेत असतात, संध्याकाळी मात्र प्रत्येकाच्या डोक्यात गाडीची वेळ असते. "सहा बावीस जाणार" असं कोणी म्हणालं की आसपासचे चार जण घड्याळ बघतात आणि रेटा वाढतो. मुलं किंवा सामान सोबत असेल तर या रेट्यात पडू नका. एनसीपीए हेच बसचं टोक असल्यामुळे पहिली बस सोडून रांगेत पुढे राहिलात, तर पुढच्या बसला वरची सीट मिळण्याची शक्यता चांगली. मधल्या स्टॉपवर ती जवळजवळ शून्य. आम्ही हेच केलं. भाच्याला पुन्हा पुढची सीट मिळाली, माझी नेहमीची लोकल गेली.

शनिवार-रविवारी ऑफिसवाले नसतात, पण कुटुंबं असतात, आणि ती सगळी वरच्या मजल्यासाठीच आलेली असतात. त्या दिवशी खाली निवांत, वर गलका. लहान मुलांना सीटवर उभं करून फोटो काढणं चालू असतं. पुढचा ब्रेक कधी लागेल हे आईबापांना माहीत नसतं, ड्रायव्हरलाही नसतं. मुलाला काचेपाशी बसवा, उभं करू नका. रविवारी सकाळी लवकर गेलात तर वरचा मजला आणि रस्ता दोन्ही मोकळे मिळतात. फक्त बघायला जाणाऱ्यांनी हीच वेळ धरावी.

आणि फक्त पोहोचायचंच असेल तर ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही आहे. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशी स्टेशनं ओळीनं येतात. संध्याकाळी बसची रांग फारच लांब दिसली तर एनसीपीएहून मरीन ड्राइव्हच्या कठड्याकडेनं चर्चगेटपर्यंत चालत या, रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पश्चिम रेल्वेवाल्यांनी तर तेच करावं. आम्हा मध्य रेल्वेवाल्यांना बस पकडावीच लागते. तेव्हा वर जा, आणि जिना सोडा.