आमची वाटचाल: मस्टरच्या वहीतून पगाराच्या चिठ्ठीपर्यंत

आमचं मूळ काम खतावणीचं. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या फौंड्र्या, मशिन शॉप यांचे हिशेब आम्ही टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहायचो. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि संगणकाला हात न लावलेल्या मालकांनीही सॉफ्टवेअर घेतलं. बिलं त्यात बसली. पगार मात्र मस्टरच्या, म्हणजे हजेरीच्या, वहीत आणि सुपरवायझरच्या डोक्यातच राहिला. तिथं आमच्या धंद्याला नवी वाट सापडली.

पेरोल, म्हणजे पगाराचा हिशेब, सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं म्हणजे टक्केवारी भरायची, असं बऱ्याच जणांना वाटतं. फंडाचे (भविष्य निर्वाह निधीचे) १२ टक्के, ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) कामगाराकडून ०.७५ आणि मालकाकडून ३.२५, हे भरायला कितीसा वेळ लागतो? वेळ जातो तो कारखान्याचे न लिहिलेले नियम मालकाच्या तोंडून काढून घेण्यात. एका मशिन शॉपमध्ये विचारलं, महिना १५,६०० पगार, तीन खाडे, किती कापायचे? मालक म्हणाले, तीसनं भागा. म्हणजे १,५६०. सुपरवायझर मागून म्हणाला, "मालक, आपण सव्वीसनं भागतोय की पहिल्यापासनं." म्हणजे १,८००. दोघांचंही खरं होतं. ऑफिसला एक हिशेब, शॉपला दुसरा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला पाळी रिकामी पडते, तो खाडा की बदली सुट्टी? उचलीचा हप्ता दिवाळीच्या महिन्यात थांबवायचा का? ही उत्तरं आम्ही आधी कागदावर घेतो, खाली मालकाची सही घेतो आणि मगच सॉफ्टवेअरमध्ये पे हेड (पगारातल्या प्रत्येक बाबीचं खातं) उघडतो. सही मागितली की काही जण चिडतात. चिडू देत.

कायद्याच्या बाजूला खरी मेख ईएसआयची. समजा, एखाद्याचा पगार ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेत होता आणि जूनच्या वाढीनं वर गेला. सूत्रात नुसती '२१,००० पर्यंत' अशी अट घातली, तर सॉफ्टवेअर जूनपासूनच कपात बंद करतं. पण एप्रिल ते सप्टेंबर हा एक अंशदान (वर्गणीचा) कालावधी असल्यानं कपात सप्टेंबरअखेर चालूच राहायला हवी. ओव्हरटाइमचं आणखी वेगळं: नोव्हेंबर २०२५ पर्यंतच्या ईएसआय कायद्यात मर्यादा ठरवताना तो धरायचा नसे, कपात करताना मात्र धरायचा असे. फंडाला तो लागतच नाही. शिवाय १६,३०० वर ०.७५ टक्के म्हणजे १२२ रुपये २५ पैसे, आणि कापायचे १२३, कारण इथं पुढच्या रुपयावर जायचं असतं. राउंडिंग नेहमीचं ठेवलं तर माणशी रुपयाची तफावत घेऊन भरण्याच्या चलनाशी झटत बसा.

व्यवसाय कर त्यामानानं सरळ. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३००, एवढं सांगून ठेवावं लागतं. एप्रिल २०२३ पासून महिलांना २५,००० पर्यंत तो माफ आहे, म्हणून स्त्री-पुरुषाचा रकाना कोरा सोडून चालत नाही.

अकाउंटिंगला जोडताना एक घोळ वारंवार दिसतो. एकूण पगार खर्चात टाकायचा आणि फंडाचं पूर्ण चलनही खर्चातच! कामगाराचा हिस्सा पगारात आधीच आलेला असतो, तो देणे खात्यातून वळता व्हायला हवा. खर्च फक्त मालकाच्या हिश्श्याचा आणि प्रशासकीय शुल्काचा. आणि हे चलन १५ तारखेच्या आत. कामगाराचा हिस्सा उशिरा भरला तर प्राप्तिकरात त्याची वजावट मिळत नव्हती, हे ऑक्टोबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पक्कं केलं होतं. या एका वाक्यावर आम्हाला जेवढी कामं मिळाली तेवढी जाहिरातीवर मिळाली नाहीत.

सध्या जुन्या फायली पुन्हा उघडतोय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. ज्यांचा फंड १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो त्यांना तिथं फरक नाही, पण ग्रॅच्युइटीचा आकडा वाढतो. मूळ पगार मुद्दाम कमी ठेवलेले मालक आता स्वतःहून फोन करतात.