बत्ती पाठीमागे टांगा

आमच्या कॅम्पिंगच्या कंपूत गॅसचा कंदील फक्त माझ्याकडे आहे आणि त्यावरून मला दरवेळी बोलणी खावी लागतात. डोक्याला लावायच्या टॉर्च आहेत, चार्ज होणारे एलईडी आहेत, मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात. मग हे काचेचं लोढणं कशाला, असं जो तो विचारतो. अंधार पडला की हेच लोक बांगडे साफ करायला मुकाट्याने त्या लोढण्याच्या उजेडात येऊन बसतात. माशाच्या कल्ल्यांचा लाल रंग स्वस्तातल्या एलईडीखाली मळकट तपकिरी दिसतो. गॅसबत्तीत तो लालच दिसतो. मासे ताजे आहेत की विकणारीने गळ्यात मारलेत, हे घरापासून इतक्या लांब कळून आता उपयोग नसतो म्हणा, पण निदान खवले राहिलेत का ते तरी दिसतं.

आमची ठरलेली जागा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, एका मैत्रिणीच्या कुळागराच्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या, वरच्या अंगाला, ठाणे गावाच्या पुढे. (लोकल जाते ते ठाणे नव्हे. आमचंही एक आहे, चोर्ला घाटाच्या वाटेवर.) जागा खासगी, मालकीण स्वतः बरोबर, त्यामुळे कोणाची परवानगी मागायला नको. आजूबाजूचं बरंचसं रान म्हादई अभयारण्यात येतं. तिथे वनखात्याला न विचारता तंबू ठोकायचा विचारही करू नये.

या बत्तीची आवड माझ्यात आली ती आजोळाकडून. माझे मामा डिचोलीला बत्त्या भाड्याने द्यायचे. लग्नाची वरात, जत्रा, शिगमा, दशावतारी काला, गावातल्या उत्सवाचं नाटक; जिथे वीज नव्हती, किंवा होती पण तिचा भरवसा नव्हता, तिथे मामांच्या बत्त्या जायच्या. त्या रॉकेलच्या. आधी स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग पंप मारायचा, रॉकेलची वाफ झाली की बत्ती लागायची. घाई केली की भडकायची. मूळची पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एका कंपनीची, नावातला मॅक्स म्हणजे तिथले माक्स ग्रेट्झ. मामांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी कुठल्याही कारखान्यातून आलेली बत्ती ही पेट्रोमॅक्सच.

मामांकडून मी शिकले ते बत्ती लावायला नव्हे, ठेवायला. नाटकाला बत्त्या लावताना ते हाताखालच्या पोराला एकच गोष्ट सांगत राहायचे, "पयस दवर, आनी वयर." लांब ठेव आणि उंच ठेव. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना बत्त्या, आणि प्रेक्षकांच्या बाजूला पत्र्याचा तुकडा आडवा लावलेला. उजेड नटाच्या तोंडावर पडला पाहिजे, बघणाऱ्याच्या डोळ्यांत गेला की नाटक बुडालं. पुढे बसलेल्या पोरांनी एकदा का बत्तीकडे टक लावून बघितलं की पुढची पाच मिनिटं त्यांना राक्षस दिसायचाच नाही, नुसते हिरवे ठिपके.

कॅम्पिंगला गेलेले लोक नेमकं उलट करतात. सगळे गोल बसतात आणि मधोमध, जमिनीवर, बत्ती. मग प्रत्येकाच्या तोंडावर खालून उजेड, प्रत्येकाची सावली मागच्या झाडावर भुतासारखी नाचते आहे, आणि टोपात काय शिजतंय ते कोणालाच दिसत नाही, कारण टोपाचा काठ उजेडाच्या वर. तांब्या घ्यायला उठलेला माणूस दोन पावलांवर ठेचकाळतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तो सराव मोडायला एका क्षणाची झगझग पुरते. त्यातून लोक निष्कर्ष काढतात की बत्ती फार प्रखर आहे. प्रखर आहेच, पण मुख्य म्हणजे ती चुकीच्या जागी आहे.

मी ती स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीमागे, डाव्या अंगाला टांगते. डाव्या, कारण आमच्यात सुरी चालवणारे सगळे उजव्या हाताचे आहेत आणि स्वतःच्या हाताची सावली विळीवर पडू नये. उंची उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षा वीतभर जास्त. दोन पोफळींच्या मध्ये दोरी बांधायची, पण बत्ती त्या दोरीला थेट अडकवायची नाही. मध्ये हातभर लोखंडी साखळी घालायची. वरच्या झाकणातून निघणारी गरम हवा नायलॉनची दोरी बघता बघता वितळवते. वर ताडपत्री किंवा सुकलेली झावळी नको. छोट्या बत्तीत तासाला पस्तीस-चाळीस ग्रॅम गॅस जळतो म्हणजे अर्ध्या किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर पडते, आणि त्यातला उजेड म्हणजे अगदी थोडा हिस्सा. बाकी सगळी आच.

ताटं मात्र तिथे मांडायची नाहीत. जेवायची जागा आठ-दहा पावलं लांब, आणि तिथे एक मंद, पिवळसर एलईडी. हे किड्यांसाठी. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं उठतात तेव्हा ती सगळी बत्तीकडे जातात आणि आमची आमटी वाचते. प्रखर बत्ती जवळ ठेवून "इथे किडे फार आहेत हो" म्हणणाऱ्यांना मी आता काही सांगत नाही.

आता बत्तीत उजेड देणारी जाळी. दुकानात तिला मेंटल म्हणतात आणि आमच्याकडेही तेच. नवं मेंटल म्हणजे मऊ कापडाची इवलीशी पिशवी, तोंडाशी दोरा ओवलेला. बर्नरच्या खाचेत ती बसवायची, दोरा आवळून दोन गाठी मारायच्या, जास्तीचा दोरा कापून टाकायचा. मग बोटांनी चुण्या सगळीकडे सारख्या करायच्या. इथे दोन मिनिटं जास्त घालवलेली बरी, कारण एका बाजूला चुण्या जमल्या की मेंटल वाकडं फुगतं. गॅस बंदच ठेवायचा आणि काडी ओढून पिशवीच्या बुडाला खालून लावायची. काळी कड हळूहळू वर सरकत जाते, थोडा धूर येतो, कापड जळल्याचा वास येतो, आणि पिशवी आकसत आकसत निम्मी होते. शेवटी पांढरीफटक. आता त्यात कापडाचा धागाही उरलेला नसतो, उरते ती फक्त कापडात भिनवलेल्या क्षारांची राख, पिशवीच्याच आकारात उभी. यापुढे तिला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही. मग काच चढवायची, काडी आधी पेटवायची आणि गॅस नंतर सोडायचा. उलट केलं की काचेत गॅस साठतो, भक्क करून पेट घेतो आणि त्या धक्क्याने मेंटल जातं, कधीकधी काचही.

राख इतकी झगझगते कशी, याचं उत्तर कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाकडे जातं. त्याने मेंटलचं पहिलं पेटंट १८८५ मध्ये घेतलं, पण तो उजेड हिरवट होता आणि धंदा चालला नाही. १८९१ मध्ये त्याला खरी भट्टी जमली: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. त्या मेंटलने युरोपातल्या रस्त्यांवर विजेच्या दिव्यांना बरीच वर्षं टक्कर दिली. हे थोरियम मिळवायला जर्मन लोक कुठे पोचले बघा. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मनाला त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे थोरियम असलेलं खनिज सापडलं. आमच्या याच अरबी समुद्राच्या कडेने खाली उतरत गेलं की ती वाळू लागते. थोरियम किंचित किरणोत्सारी असतं, म्हणून हल्ली बऱ्याच मेंटलमध्ये त्याऐवजी यिट्रियम वापरतात. पाकिटावर काही लिहिलेलं नसेल तर ते थोरियमचंच आहे असं धरून चालायचं. फुटलेल्या मेंटलची राख फुंकून उडवायची नाही, ओल्या कागदाने टिपून घ्यायची, हात धुवायचे, आणि मगच भाकरीला हात लावायचा. आमच्याकडे लहान मुलं बरोबर असली की हे काम मी दुसऱ्या कोणाला देत नाही.

मेंटलला एवढंसं भोक पडलं तरी ते बदलायचं. "अजून एक रात्र चालेल" म्हणणारे भेटतात. भोकातून ज्योतीची सुई बाहेर येते, ती काचेवर एकाच जागी लागत राहते आणि काच तडकते. पावसाचा थेंब तापलेल्या काचेवर पडला तरी तेच. मेंटल स्वस्त, काच महाग आणि सहजी मिळत नाही, त्यामुळे हिशोब सरळ आहे.

गॅसबद्दल. परदेशातल्या या बत्त्या बहुतेक प्रोपेनवर चालतात, ४६५ ग्रॅमच्या जाड बाटल्यांवर, आणि त्यांची वर्णनं वाचून आपल्याकडचे हौशी लोक प्रोपेन शोधत फिरतात. तिकडे ते लागतं कारण तिकडे थंडी आहे. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली गेलं की वाफ व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देत राहतं. सत्तरीत डिसेंबरच्या पहाटे आपण शाल गुंडाळून "काय थंडी" म्हणतो, पण ब्युटेनला त्याने काही होत नाही. ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारी ब्युटेन-प्रोपेन मिश्रणाची २३० ग्रॅमची कॅनिस्टर गोव्यात बारा महिने चालते. पूर्ण प्रखर ठेवली तर एका रात्रीचं रांधणं, जेवण, पत्ते आणि आवराआवर तिच्यावर निघते.

मात्र एका डब्यातला गॅस दुसऱ्या डब्यात भरायचे जे ॲडॉप्टर विकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. तीस अंशाला ब्युटेनचा दाब तीन बारच्याही आत असतो, प्रोपेनचा दहाच्या आसपास. ब्युटेनचा पातळ पत्र्याचा डबा प्रोपेनच्या दाबासाठी बनवलेला नसतो. माणसं जास्त असतील तर आम्ही पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि त्यावर थेट बसणारी बत्ती नेतो. उचलायला जड, पण बूड स्थिर. जोडणीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायचं, काडी लावून नव्हे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खळग्यात साचून राहतो, म्हणून सिलिंडर सपाट, मोकळ्या जागी. आणि तंबूत ही बत्ती कधीच न्यायची नाही, बाहेर पाऊस असला तरी, "दोनच मिनिटं" असली तरी. आग हे एक कारण, कार्बन मोनॉक्साइड हे दुसरं, आणि त्याला वास नसतो.

तिचा खरा दोष मला विचाराल तर आवाज. सूंऽऽ करत राहते. गप्पा मारणाऱ्यांना कळत नाही, पण ती बंद केल्यावर ओहोळाचं पाणी अचानक मोठ्याने वाहायला लागल्यासारखं वाटतं. म्हणून भांडी घासून झाली की मी खटका फिरवते, कोणी कितीही कुरकुरलं तरी.

किनाऱ्यावर मी ती नेत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं वाळूतून बाहेर आली की समुद्राकडच्या उजळ क्षितिजाच्या दिशेने जातात. मागे आपली बत्ती झगझगत असली तर ती मागे वळतात, आणि मग कुत्रे-कावळे आहेतच. शिवाय गोव्यात २०१९ पासून पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला आणि दारू प्यायला बंदी आहे. तेव्हा दंड एकट्याला दोन हजार रुपये आणि घोळक्याला दहा हजार होता. बाहेरून येणाऱ्या मित्रांना हे मी आधीच कळवते. आणि हेही, की गॅसची कॅनिस्टर विमानातून किंवा रेल्वेतून आणता येत नाही, बत्ती आणा, गॅस इथे बघू.

मे संपता संपता सत्तरीत काजवे येतात तेव्हाही बत्ती पिशवीतच राहते. त्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडाच्या खुणेवर शोधतात, आपण त्यात एवढी झगझग घेऊन कशाला उभं राहायचं?

पहिल्या पावसाच्या रात्री तर बत्ती घेऊन शेताच्या बांधावर दिसायचंच नाही. त्या रात्री मोठे बेडूक बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे माणसं. प्रखर उजेड डोळ्यांवर मारला की बेडूक जागच्या जागी थिजतो, उचलला की पोत्यात. त्याचं पुढे हॉटेलात ‘जंपिंग चिकन’ होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे, आणि वनखात्याची माणसं त्या दिवसांत रात्री गस्त घालतात. बत्ती घेऊन ओहोळाकाठी उभ्या असलेल्या बाईला, बाई, तुम्ही इथे काय करता, असं विचारलं तर त्यांचं काही चुकलं नाही. आम्हाला विचारलं आहे. मैत्रिणीने जमिनीचा उतारा काढून दाखवायची तयारी केली होती, त्यांनी टोपात डोकावून बघितलं, बांगडे दिसले, गेले.

सुट्या मेंटलसाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या हार्डवेअरवाल्यांकडे विचारावं. बत्ती कोणी घेत नाही, पण मेंटल ते अजून ठेवतात. घेताना बर्नरचा घेर मोजून न्या, रॉकेलच्या मोठ्या बत्तीचं मेंटल छोट्या गॅसबत्तीला लोंबतं. आणि एकदम अर्धा डझन घ्या, दुकानदार पुढच्या वेळी असेलच असं नाही.