खिलार पुढं कसा दिसेल?

"आता नांगराला किती ओढतो कोण विचारत नाही, पळतो किती ते विचारतात." आज खरसुंडीच्या जत्रेत एक म्हातारे बाबा खिलार जातीच्या खोंडाच्या मागच्या पायावरून हात फिरवत बोलले. खरेदीला आलेली पोरं पण पायच बघत होती, खांदा कुणीच बघितला नाही.

दिवसभर तेच डोक्यात. वशिंडवाली गुरं माणसाळून साधारण ८ हजार वर्षं झाली, बलुचिस्तानात मेहरगढच्या बाजूला. ज्या रानगुरांपासून ती आली ती तर कधीच संपली. म्हणजे पुढचा बैल कसा असणार हे आता रान नाही, आपण ठरवणार, कुठला वळू ठेवायचा आणि कुठला विकायचा एवढ्यावरून.

आणि हे किती झपाट्यानं होतं! कॅनडात १९५७ सालच्या जातीची आणि २००५ च्या जातीची कोंबडी एकच खाद्य घालून वाढवली, ५६ दिवसांत जुनी ९०० ग्रॅमची अन् नवी ४ किलोच्या वर. फक्त निवड करून, ५० वर्षांत.

मग शर्यतीसाठीच निवडत राहिलो तर हजार वर्षांनी खिलार कसा असेल? मला दिसतो तो लांब पायांचा, अरुंद छातीचा, वशिंड नावापुरतं, खांद्याला जू पेलणार नाही असा. देखणा असेलही, पण माणदेशाच्या दुष्काळात कडबा खाऊन दिवसभर राबणारं ते काटक जनावर त्यात उरेल का? मला ते मनापासून हवंय.

तुमच्याकडं वळू निवडताना अजून खांदा बघतात का कुणी?