दोन लहान पोरं घेऊन सिंगापूर

"एवढ्या लहान पोरांना काय कळणार तिथलं?" कोल्हापूरहून सिंगापूरला जायचं म्हटल्यावर शेजारपाजारच्या प्रत्येकानं हेच विचारलं. काही कळलं नसतं तरी आम्हाला जायचंच होतं, आणि त्यात थोडा हिशोबही होता. दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात वेगळी सीट घ्यावी लागत नाही. आंतरराष्ट्रीय तिकिटाला मोठ्यांच्या मूळ भाड्याच्या साधारण दहा टक्के आणि वर कर, एवढ्यात भागतं. पण वय मोजतात ते प्रवासाच्या तारखेला. जाताना दोन वर्षांच्या आत असलेलं बाळ परतीपर्यंत दोन पूर्ण करत असेल, तर येताना त्याची सीट घ्यावीच लागते. आमच्या धाकटीला नोव्हेंबरअखेर दोन पूर्ण होत होती. थोरला पाच वर्षांचा, त्याच्या शाळेला दिवाळीची सुट्टी. त्यामुळे ऑक्टोबरअखेरची तारीख आम्हाला फारशी शोधावी लागली नाही.

खरं काम पासपोर्टचं. त्यातही आधी पोरांचे नाही, आईबापांचे पासपोर्ट काढून बघा. माझा होता लग्नाआधीचा, माहेरच्या आडनावाचा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा पासपोर्टचा नियम नाही. पण पोरांच्या जन्मदाखल्यावर माझं नाव सासरच्या आडनावानं आणि नवऱ्याच्या पासपोर्टवर बायकोचं नावच नाही, असा घोळ ठेवून पुढं जाणं मला पटेना. म्हणून आधी आम्हा दोघांचे पासपोर्ट विवाह नोंदणीचा दाखला लावून नव्यानं करून घेतले, एकमेकांची नावं घालून. पोरांचे अर्ज त्यानंतर भरले. याचा फायदा असा, की दोन्ही पालकांचे पासपोर्ट चालू असतील आणि त्यात जोडीदाराचं नाव असेल तर लहान मुलांसाठी सहसा पोलीस पडताळणी लागत नाही. आमच्याकडं कुणी आलं नाही.

जन्मदाखल्याचं वेगळंच. थोरला कोल्हापुरातच जन्मला, त्याचा दाखला महानगरपालिकेत मिळाला. धाकटी माझ्या माहेरी, सांगलीला. तिची नोंद दवाखान्यातनं लगेच गेली, पण बारसं नंतर झालं, त्यामुळं दाखल्यावर मुलीच्या नावाची जागा कोरी. कोऱ्या नावाच्या दाखल्यावर पासपोर्ट होत नाही. नाव घालून घ्यायला सांगलीला जावं लागलं, कारण दाखला जिथं जन्म तिथलाच. ज्यांचं बाळंतपण माहेरी झालंय त्यांनी हे आजच कपाटातनं काढून बघावं. १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढं जन्मलेल्या मुलांना तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो, आधार दाखवून भागत नाही. आणि दाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग, वडिलांच्या नावासकट, दोघांच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

आता पासपोर्टसाठी पुण्याला जावं लागत नाही, हे मोठं सुख आहे. कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पासपोर्ट निघतो पुण्याच्या कार्यालयातनं, पण कागद तपासणं, फोटो वगैरे सगळं इथंच. अर्ज प्रत्येक मुलाचा वेगळा, सोबत दोन्ही पालकांच्या सह्यांचं घोषणापत्र, म्हणजे परिशिष्ट 'ड' (Annexure D). फी मुलांना १००० रुपये, आणि आठ वर्षांखालच्यांना नव्या पासपोर्टवर दहा टक्के सूट, म्हणजे ९०० रुपये.

फोटोची गंमत मात्र सांगायलाच हवी. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपण न्यायचा असतो, त्यावरच्यांचा तिथंच काढतात. राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत गेलो. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही डोळे उघडे, तोंड मिटलेलं, चेहरा सरळ समोर, मागं धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. दीड वर्षाच्या पोरीला हे कोण सांगणार? स्टुलावर बसवलं की ती घसरायची. शेवटी फोटोवाल्या दादांनी जमिनीवर पांढरी चादर अंथरली, तिला उताणी झोपवली आणि स्वतः स्टुलावर चढून वरनं फोटो काढायला लागले. कॅमेऱ्याशेजारी किल्ल्यांचा जुडगा धरला की ती बघायची, पण बघताना हसायची, आणि हसली की फोटो बाद. त्यात आमच्या आईंनी निघताना गालावर काजळाची तीट लावलेली. ती ओल्या रुमालानं पुसली तर गाल लाल झाला. मग तो पूर्ववत होईपर्यंत आम्ही सगळे चहा पीत बसलो. दादा अनुभवी. त्यांनी तेव्हाच विचारलं, "व्हिसाचं माप पण आत्ताच घेऊन ठेवू का ताई?" पण व्हिसाला फोटो अलीकडचा, तीन महिन्यांच्या आतला लागतो. म्हणजे हा सगळा कार्यक्रम पुन्हा एकदा झाला.

पासपोर्ट हातात येईपर्यंत टूरवाल्यांकडं चौकशी केली होती. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत सिंगापूरला जोडून मलेशिया, आणि मधे एक दिवस बसनं क्वालालंपूर, साधारण साडेतीनशे किलोमीटर. म्हणजे कोल्हापूर ते मुंबई प्रवास सिंगापुरात जाऊन पुन्हा करायचा! रोज सकाळी आठला लॉबीत हजर. आजीआजोबांना किंवा शाळकरी मुलांना ते ठीक असेल, जेवणाखाण्याचीही काळजी मिटते. आमच्या वयाच्या पोरांना ते अजिबात नको, असं माझं मत झालं. आपलं आपण ठरवायचं म्हटलं की हॉटेल, तिकिटं, व्हिसा सगळं आपल्या डोक्यावर येतं, पण दुपारी झोप लागली तर कुणी हाक मारत नाही. शिवाय पॅकेज घेतलं की वर टीसीएस, म्हणजे टूरवाल्यांनी आपल्याकडनं आधीच घेतलेला आयकर, द्यावा लागतो. तो विवरणपत्र भरताना मिळतो, पण पैसे आत्ता जातात.

सिंगापूरचा व्हिसा भारतातनं अधिकृत एजंटमार्फत करायचा. सरकारी फी माणशी ३० सिंगापूर डॉलर, बाळालाही तेवढीच, एजंटचे वेगळे. अर्ज प्रवासाच्या आधी महिनाभराच्या आत करायचा असल्यानं तिकिटं आधी काढावी लागतात, त्याला इलाज नाही. सिंगापूरला पोचण्याचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत प्रत्येकाचं एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथल्या प्रवेशाचा अर्ज, ऑनलाइन भरायचं, बाळाचंसुद्धा. ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट दिसतात, तिकडं जाऊ नका.

आता सगळ्यात अवघड टप्पा, कोल्हापूर ते मुंबई. उजळाईवाडीहून मुंबईचं विमान आहे, आणि पहिल्यांदा सगळ्यांना तेच सुचतं. पण ते तिकीट वेगळं आणि सिंगापूरचं वेगळं असेल, तर पहिलं विमान उशिरा सुटल्यावर दुसरं चुकलं तरी पुढची कंपनी जबाबदार नसते. गाडीनं जायचं तर सातारा-कागल रस्त्याचं सहापदरीकरण आणि त्याचे डायव्हर्जन, पुढं पुणं, पुढं घाट. सात तासांचे दहा कधी होतील सांगता येत नाही आणि मागच्या सीटवर उलट्या सुरू झाल्या तर विचारू नका. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली. पोरं रात्री घरच्यासारखी झोपली. सकाळी कल्याणला उतरून डोंबिवलीला नणंदेकडं गेलो, अंघोळी, जेवण, दुपारची झोप झाली आणि संध्याकाळी निवांत विमानतळ. मुंबईत ओळखीचं कुणी नसेल तर विमानतळाजवळ एक दिवसाची खोली घ्या, पण कोल्हापूरहून येऊन थेट विमानात बसू नका. मुंबई-सिंगापूर साडेपाच तासांचं, ते सोपं गेलं. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते. उतरताना कान दुखतात तेव्हा धाकटीला दूध आणि थोरल्याला लॉलीपॉप दिला.

बॅग भरताना घरात छोटं महाभारत झालं. आईंनी वर्षाची कांदा-लसूण चटणी डब्यात भरली होती, डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणलेली. शिवाय अनारसे. आणि मी वाचलं की सिंगापुरात खसखशीवर बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी म्हणून ती तिथल्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अनारशावर तर ती उघडच दिसते, आणि चटणीतही भाजून घातलेली असते.

"अगं, चिमूटभर खसखस. ते काय दुर्बीण घेऊन बघणार हायत व्हय?" आई म्हणाल्या.

"आई, तिथं खरंच पकडतात हो."

"मग पोरांनी खायचं काय? नुसता भात?"

शेवटी डबा फडताळात परत गेला. निव्वळ मिरचीचं तिखट, चकली, चिवडा आणि धाकटीचं नाचणीचं सत्त्व एवढं नेलं. अनारसे डोंबिवलीपर्यंत आले आणि नणंदेनं संपवले. दुबईला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, खसखस तिथंही चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या तर आपल्या विमानतळावरच चेक-इन बॅगेतनं काढायला लावतात. औषधांमध्ये कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप नेऊ नका. बाकी तापाचं, ओआरएस वगैरे आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीसकट लिहून दिलं होतं.

जेवणाची एवढी चिंता करायचं कारण नव्हतं, हे तिथं गेल्यावर समजलं. आम्ही लिटल इंडियाजवळ राहिलो. सेरंगून रोडवर इडली, डोसा, दहीभात कधीही मिळतो. कोमला विलास हे हॉटेल तर १९४७ पासूनचं. गोकुळच्या दुधावर वाढलेल्या धाकटीनं तिथलं दूध पहिल्या दिवशी थुंकलं, दुसऱ्या दिवशी निमूट प्याली.

तिथलं घड्याळ आपल्यापुढं अडीच तास आहे. जाण्याआधी आठवडाभर पोरांना लवकर झोपवून सवय लावा, असा सल्ला सगळे देतात. आम्ही ते केलंच नाही. उलट पोरांना कोल्हापूरच्याच वेळेवर ठेवलं. घरी रात्री साडेनऊला झोपणारी पोरं तिथं बाराला झोपायची आणि सकाळी साडेनवाला उठायची. सकाळच्या गर्दीवर पाणी सोडलं. त्या बदल्यात संध्याकाळ पूर्ण हातात आली, आणि विषुववृत्ताला खेटून असलेल्या गावात संध्याकाळच काय ती बरी असते. गार्डन्स बाय द बे मधल्या उंच कृत्रिम झाडांवरचा दिव्यांचा खेळ पावणेआठला आणि पावणेनऊला असतो, तोही फुकट. पावणेआठ म्हणजे पोरांचे सव्वापाच! बाकीची लहान मुलं बापाच्या खांद्यावर पेंगत होती आणि आमची दोघं फरशीवर उताणी पडून वर बघत होती. दुपारी हमखास सर येते, तेव्हा खोलीत झोप. दिवसाला एकच ठिकाण ठेवलं, आणि तेही जमलं नाही तर सोडून दिलं.

युनिव्हर्सल स्टुडिओज मुद्दाम गाळलं. तिथल्या मोठ्या राइडना उंचीची अट असते, पाच वर्षांच्या पोराला घेऊन नुसतं रांगा बघत फिरायचं आणि तिकिटाचे पैसे द्यायचे. त्याऐवजी मंडाईचं प्राणिसंग्रहालय आणि गार्डन्समधली मुलांची बाग. बागेत पाण्याचे फवारे आहेत, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. कोरडे कपडे सोबत ठेवा. परत निघताना बघायला चांगी विमानतळाच्या ज्वेल मॉलमधला ४० मीटर उंचीचा धबधबा राखून ठेवला होता, पण पोरं त्याच्यापेक्षा सरकत्या पट्ट्यावर जास्त रमली.

फिरायला मेट्रो उत्तम. बाबागाडी उघडीच नेता येते, ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट नाही, त्याहून उंच पण सात वर्षांखालच्या मुलाचं मोफत कार्ड पासपोर्ट दाखवून तिकीट कार्यालयात करून मिळतं. गाडी बोलावताना मात्र जपून. १.३५ मीटरपेक्षा बुटक्या मुलांना तिथं कायद्यानं लहान मुलांची सीट लागते. रस्त्यावरच्या टॅक्सीला सूट आहे, ॲपवरच्या खासगी गाडीला नाही. ॲपवर मुलांच्या सीटची गाडी वेगळी निवडावी लागते. पहिल्याच दिवशी एका चालकानं पोरांकडं बघून नम्रपणे नाही म्हटलं आणि निघून गेला. आपल्याकडं एका रिक्षात सात पोरं शाळेला जातात, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता.

परतीला विमान पहाटे मुंबईत उतरलं. रेल्वेसाठी रात्रीपर्यंत थांबायचं त्राण कुणातच नव्हतं, म्हणून गाडी आधीच ठरवून ठेवली होती, वाटेत हवं तिथं थांबत आलो.

आता मैत्रिणी कागदांची यादी मागतात, ती देते. सोबत एक सांगते, की मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि सिंगापूरसकट बऱ्याच देशांना प्रवासाच्या वेळी त्याची सहा महिने मुदत शिल्लक लागते. म्हणजे हातात साडेचारच वर्षं. आमच्या आईंनी ते ऐकलं आणि पुढच्या खेपेला आपलाही पासपोर्ट काढायला सांगितलाय, चटणी न नेण्याच्या अटीवर.