जपानी गेम स्टुडिओ ट्राय-एसचे गेम क्रमाने: नोंदवही, एक्सबॉक्स 360 च्या टप्प्यापर्यंत

सध्याची स्थिती: सुपर फॅमिकॉम (निन्टेन्डोचे जुने कन्सोल) आणि पहिल्या प्लेस्टेशनवरचे गेम पूर्ण. प्लेस्टेशन 2 वरचे तिन्ही पूर्ण. ‘स्टार ओशन: द लास्ट होप’ कथेपुरता संपला, ट्रॉफींच्या (लढाईतल्या ठरावीक कामगिऱ्यांच्या) बाबतीत अर्ध्यावर. ‘रेझोनन्स ऑफ फेट’ चालू. त्यानंतरचे गेम तपासणीपुरते उघडून पाहिले आहेत, मुद्दाम वेळ देऊन खेळणे बाकी.

ट्राय-एसची उतरती कळा 2016 मध्ये आलेल्या, त्यांच्या ‘स्टार ओशन’ मालिकेच्या पाचव्या भागापासून लागली, असे साधारण बोलले जाते. क्रमाने खेळत गेले की हे पटत नाही. या स्टुडिओची सवय पहिल्या दिवसापासून एकच: मशिनमधून शेवटचा थेंब काढायचा, इंजिन घरचेच लिहायचे आणि लढाईची पद्धत दर वेळी नव्याने मांडायची. ही सवय कधीच सुटली नाही. ती परवडेनाशी झाली, एवढेच. कोणत्या गेमपासून परवडेनाशी झाली, ते शोधायला ही नोंदवही.

सुपर फॅमिकॉम

वुल्फ टीम या स्टुडिओत ‘टेल्स ऑफ फँटासिया’वर काम केलेले योशिहारू गोतांदा, मासाकी नोरिमोतो आणि जो आसानुमा यांनी 1995 मध्ये ट्राय-एस काढली. ‘ट्राय’ म्हणजे हेच तिघे. पहिला ‘स्टार ओशन’ 19 जुलै 1996 ला आला, तेव्हा निन्टेन्डो 64 जपानी दुकानांत येऊन महिनाही झाला नव्हता. मावळत्या कन्सोलसाठी त्यांनी 48 मेगाबिटची कार्ट्रिज बनवली आणि तेवढ्यातही ग्राफिक्स मावेनात म्हणून आत एस-डीडी1 ही डिकॉम्प्रेशन चिप बसवली. ही चिप वापरणारे गेम दोनच, दुसरा ‘स्ट्रीट फायटर अल्फा 2’.

आजही सगळी डोकेदुखी याच चिपची. स्वस्त फ्लॅश कार्टमध्ये (मेमरी कार्डवरून गेम चालवणाऱ्या कार्ट्रिजमध्ये) ती नसते, त्यामुळे गेम काळ्या पडद्यावर अडकतो किंवा चित्रांचा चुरा दिसतो. उपाय दोन. एफपीजीएमध्ये (हवे तसे सर्किट घडवता येणाऱ्या चिपमध्ये) एस-डीडी1 उभी करणारी महागडी कार्ट घ्यायची, नाहीतर ग्राफिक्स आधीच मोकळे करून 96 मेगाबिटपर्यंत फुगवलेली रॉम (गेमची फाइल) वापरायची. स्नेस9एक्स आणि बीस्नेस या इम्युलेटरच्या (संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आजच्या आवृत्त्यांत काहीच करावे लागत नाही. जुन्या इम्युलेटरना ग्राफिक्सचे वेगळे पॅक द्यावे लागत, ती कटकट कधीच मिटली.

इंग्रजी पॅच (चाहत्यांनी केलेले भाषांतर) लावताना आधी फाइलचा आकार पाहा. स्वतःच्या कार्ट्रिजचा स्वच्छ डंप (तिच्यातून वाचून काढलेली फाइल) 6,291,456 बाइटचा असतो. 6,291,968 दिसले तर पुढे 512 बाइटचे कॉपिअर हेडर (नक्कल करणाऱ्या यंत्राने जोडलेला जादा मजकूर) चिकटले आहे. पॅचला हेडर हवा की नको, हे त्याच्या रीडमीत लिहिलेले असते. तिथे गफलत झाली की प्रत्येक बदल 512 बाइटने सरकतो आणि गेम शीर्षकापर्यंतही पोचत नाही. पॅच बिघडला असे समजून लोक दुसरा शोधत बसतात, दोष मात्र हेडरचा असतो.

खरी कार्ट्रिज वापरत असाल तर सेव्हची बॅटरी बदलूनच सुरुवात करा. आत टॅब (धातूच्या पट्ट्या) वेल्ड केलेला सीआर2032 बटण सेल असतो, उघडायला 3.8 मिमीचा गेमबिट (खास स्क्रूड्रायव्हर) लागतो. बॅटरी काढली की जुने सेव्ह गेले, म्हणून हवे असतील तर आधी डंप करा. साध्या सेलवर थेट सोल्डर लावू नका, उष्णतेने सेल खराब होतो, टॅबवालाच मागवा. आणि भारतात जपानी कन्सोल लावणाऱ्यांसाठी: मूळ अडॅप्टर 100 व्होल्टचा आहे, आपल्या 230 च्या सॉकेटमध्ये तो जळणार. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या किंवा 10 व्होल्ट डीसी, 850 मिलिअँपिअरचा, मधला पिन ऋण असलेला अडॅप्टर शोधा. बाजारातले बहुतेक अडॅप्टर मधला पिन धन असलेले असतात, तेव्हा मल्टिमीटर लावल्याशिवाय प्लग खुपसू नका.

पहिले प्लेस्टेशन

दुसरा ‘स्टार ओशन’, म्हणजे ‘सेकंड स्टोरी’ (1998), दोन डिस्कचा. मुख्य पात्र क्लॉड की रेना हे सुरुवातीलाच निवडायचे. अॅश्टनला घेतले तर ओपेरा हुकते, ओपेराला घेतले तर अॅश्टन. शेवट ऐंशीहून अधिक. पण या गेमचा जीव वस्तू बनवण्यात आहे. सगळ्यांना ठाऊक असलेली वाट: क्लॉडची शार्पनेस तलवार, कस्टमाइझमध्ये (शस्त्राला धातू लावून बदलायच्या कौशल्यात) त्यावर दमास्कस, झाली मायनस सोर्ड, तिच्यावर मिथ्रिल, की इटर्नल स्फिअर. अर्ध्या गेमच्या आतच हातात जवळपास शेवटची तलवार. अडचण मिथ्रिलची आणि कस्टमाइझ फसण्याची. एक वस्तू लावण्याआधी एक सेव्ह, हा नियम पाळा. फसले तर तलवार जाते, ती परत मिळत नाही.

एवढी मोठी पळवाट ठेवणारा डिझाइनर आज कोणत्याही बैठकीत उभा राहू शकणार नाही. ट्राय-एसने ती ठेवली आणि पळवाट सापडलेल्या खेळाडूसाठी शेवटी ‘केव्ह ऑफ ट्रायल्स’ ही जादा अवघड गुहाही बांधून ठेवली. खेळाडूवर असा भरवसा पुढे क्वचितच दिसला.

‘व्हॅल्किरी प्रोफाइल’ (डिसेंबर 1999) हा या यादीतला शिखराचा गेम, याबद्दल आमच्यात दुमत नाही. कंट्रोलरची चार बटणे म्हणजे चार पात्रे. वार जुळवून गेज 100 वर नेला की निर्णायक घाव सुटतो. आठ अध्याय, प्रत्येकी 24 पिरियड (वेळेचे टप्पे). खरा शेवट, म्हणजे ए एंडिंग, मात्र गेम स्वतः कुठेही सांगत नाही. इझीवर तो मिळतच नाही. नॉर्मल किंवा हार्ड घ्या, नायिका लेनेथच्या स्टेटसमधला सील हा आकडा 37 किंवा त्याखाली आणा, लुसियन या योद्ध्याला वेळेत वर, म्हणजे देवांच्या बाजूने लढायला, पाठवा (सहावा अध्याय संपायच्या आत पाठवलेले बरे) आणि आठव्या अध्यायात वीपिंग लिली मेडोला जा. बहुतेकांचे गणित शेवटच्या पायरीवर बिघडते: आकडा 37 च्या खाली आलेला असतो, पण पिरियड संपलेले असतात. आठव्यात ते कुरण सगळ्यात आधी उरका.

प्लेस्टेशन 2 आणि एनिक्सचा शेवट

तिसरा ‘स्टार ओशन’ 27 फेब्रुवारी 2003 ला प्रकाशक एनिक्सच्या नावाने आला. 1 एप्रिलला एनिक्स आणि स्क्वेअर एक झाल्या. आमच्या मते खरा सांधा इथे निखळला. एनिक्सकडे स्वतःचा मोठा निर्मिती विभाग नव्हता, बाहेरच्या स्टुडिओंवरच तिचा कारभार चाले. त्या पद्धतीत ट्राय-एसला मानाचे पान होते. विलीनीकरणानंतर त्याच घरात ‘फायनल फँटसी’ बनवणारी फौज आली आणि ट्राय-एस पंगतीतली एक झाली. (त्याआधीच, 1999 मध्ये, ध्वनीची मंडळी ट्राय-क्रेसेंडो नावाने वेगळी झाली होती, पण ती बरीच वर्षे या गेमचे काम करत राहिली.)

गेम मात्र अजून जोरात होता, जरा जास्तच. पहिली जपानी आवृत्ती काही प्लेस्टेशन 2 मॉडेलवर अडकत असे. जानेवारी 2004 चा ‘डायरेक्टर्स कट’ घ्या. पाश्चात्त्य आवृत्ती त्याच्यावरच बेतलेली आहे आणि त्यात मिराज व अॅड्रे ही पात्रे हातात मिळतात. लढाईतली मेख अशी, की एमपी (कौशल्ये वापरायची शक्ती) शून्य झाला तरी पात्र पडते. नवे खेळाडू एचपी (जीव) भरत बसतात आणि नायक फेट उभ्या उभ्या कोसळतो. हेच शत्रूलाही लागू आहे: एचपी डोंगराएवढा असला तरी एमपी कमी असेल, तर एमपीवर मार करणारे डाव लावा.

याच गेमच्या कथेने पुढच्यांची वाट अडवली. विश्व म्हणजे चौथ्या मितीतल्या लोकांनी चालवलेले संगणकीय अनुकरण, आणि त्याचे नाव इटर्नल स्फिअर, त्या जुन्या तलवारीचेच. हे उघड केल्यावर पुढे काय सांगणार? तिसऱ्याचा काळ स्पेस डेट (मालिकेतली कालगणना) 772. चौथा मागे 10 मध्ये गेला, पाचवा 537 मध्ये, सहावा 583 मध्ये. त्यानंतरचा एकही मुख्य भाग 772 च्या पुढे सरकला नाही.

‘राडिआटा स्टोरीज’ (2005) आणि ‘व्हॅल्किरी प्रोफाइल 2’ (2006) इथे थोडक्यात. पहिल्यात दीडशेहून अधिक माणसे सोबत घेता येतात आणि प्रत्येकाची दिनचर्या वेगळी. वही घेऊन बसा. दुसऱ्याने त्या जुन्या मशिनमधून जे चित्र काढले, ते तपासायला चांगला सीआरटी आणि कॉम्पोनंट केबल वापरा, कॉम्पोझिटवर अर्धी मजा जाते.

एक्सबॉक्स 360

‘इन्फिनिट अनडिस्कव्हरी’ (सप्टेंबर 2008) आणि चौथा ‘स्टार ओशन’, म्हणजे ‘द लास्ट होप’ (फेब्रुवारी 2009). जपानी आरपीजीचा (भूमिका घेऊन खेळायच्या गेमचा) स्टुडिओ, आणि मशिन असे निवडले जे जपानमध्ये कधीच घरोघरी पोचले नाही. प्लेस्टेशन 3 ची आवृत्ती यायला 2010 उजाडले.

‘लास्ट होप’ 360 वर तीन डीव्हीडींचा आहे. हार्ड डिस्कवर टाकला तरी डिस्क लागतेच, आणि उशिरा मागच्या ग्रहांवर जायचे तर उठून डिस्क बदलणे आले. खेळायचा असेल तर प्लेस्टेशन 3 ची ‘इंटरनॅशनल’ आवृत्ती घ्या: एकच ब्लू-रे, जपानी आवाजही आत. त्याहून सोपी 2017 ची पीसी आवृत्ती. बॅटल ट्रॉफी 900, नऊ पात्रांना प्रत्येकी 100. कथा संपते तेव्हा हाती आलेल्या ट्रॉफी म्हणजे चटणीपुरत्याच. लढाई आजही झकास आहे, गावे मात्र रिकामी वाटतात आणि दृश्ये लांबतच जातात. हाय-डेफिनिशनमध्ये प्रत्येक खोली, प्रत्येक चेहरा नव्याने घडवायचा तर मनुष्यबळ हवे. प्लेस्टेशन 2 वर जे थोड्या लोकांत निभले, ते इथे ताणलेले दिसते.

‘रेझोनन्स ऑफ फेट’, चालू

सेगाने काढलेला, जपानमध्ये जानेवारी 2010. उत्तर अमेरिकेत 16 मार्चला आला, ‘फायनल फँटसी 13’ नंतर बरोबर एका आठवड्याने. त्या आठवड्यात त्याच्याकडे कोण बघणार होते?

लढाईबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक गेम सोडतात. मशिनगन ‘स्क्रॅच’ इजा करते: भरपूर, पण कच्ची, वेळ गेला की भरून येते. पिस्तूल ‘डायरेक्ट’ इजा करते: थोडी, पण आधीची सगळी कच्ची इजा पक्की करते. म्हणून क्रम ठरलेला, आधी मशिनगन, मग पिस्तूल. नुसत्या मशिनगनने शत्रू मरत नाही. नुसत्या पिस्तुलाने लढाई संपत नाही.

हीरो अॅक्शनला (सरळ रेघेत धावत गोळ्या झाडायच्या चालीला) एक बेझल (या चालीचे इंधन) खर्च होतो. धावण्याची रेघ आपल्या तिघांपैकी बाकी दोघांना जोडणाऱ्या रेषेला छेदून गेली तर रेझोनन्सचा एक गुण मिळतो. पुरेसे गुण साठले की तिघे एकदम त्रिकोणात धावतात. मधेच कुणाला साधी चाल दिली, किंवा न छेदता धावले, तर गुण गेले. शत्रूचा भाग फोडला किंवा शत्रू मारला की बेझल परत येतात. सगळे संपले की तिघेही हतबल, आणि पुढचा वार बहुधा शेवटचा. दोन सवयी लावा: धावण्याआधी रेघेच्या वाटेत खांब किंवा पिंप नाही ना ते पाहा, अडखळले की धाव तिथेच संपते, आणि तिघांना एका रेषेत उभे करू नका, छेदायला रेषाच उरत नाही.

इतक्या कसोशीने घडवलेली लढाई ट्राय-एसकडून पुन्हा आली नाही. 2018 ची 4के आवृत्ती त्यांनी स्वतःच प्रकाशित केली, पीसीवाल्यांनी तीच घ्यावी.

पुढचे, अजून उरलेले

यानंतरची काही वर्षे दुसऱ्यांची कामे: ‘फायनल फँटसी 13-2’ आणि ‘लाइटनिंग रिटर्न्स’मध्ये हातभार, कोनामीसाठी ‘फ्रंटिअर गेट’ आणि ‘बियाँड द लॅबिरिन्थ’, सेगासाठी ‘फँटसी स्टार नोव्हा’. फेब्रुवारी 2015 मध्ये मोबाइल क्षेत्रातल्या नेप्रो जपानने स्टुडिओ विकत घेतला.

पाचवा ‘स्टार ओशन’ (2016) उघडून पाहिला. सात जण एकाच वेळी लढतात, मैदान आणि लढाई यांच्यात जोड दिसत नाही, प्लेस्टेशन 4 वर हालचाल गुळगुळीत. जुनी हौस इथेही आहेच. पण कथेचे प्रसंग कॅमेरा न कापता समोर घडतात, तुम्ही तिथेच घुटमळायचे, आणि त्यांना स्किप नाही. हरलात की तेच संवाद पुन्हा. रेलिया या मुलीला वाचवायच्या लढाईआधी पातळी वाढवून घ्या, कारण ती पडली की गेम ओव्हर.

‘अॅनामनेसिस’ मोबाइलवर होता, 2021 मध्ये बंद झाला, तेव्हा आमच्या यादीत तो नावापुरताच. सहाव्या ‘स्टार ओशन’मध्ये, ‘डिव्हाइन फोर्स’ (2022) मध्ये, ड्यूमाला (सोबतच्या छोट्या यंत्राला) घेऊन उडता येते आणि तेवढ्यासाठी तो वाचेल, असा पहिला अंदाज. छोट्या टीव्हीवर अक्षरे फार बारीक दिसतात, हे आधीच सांगून ठेवतो. ‘सेकंड स्टोरी’ची नवी आवृत्ती, ‘सेकंड स्टोरी आर’ (2023), जेमड्रॉप्सने केली, ट्राय-एसमधूनच बाहेर पडलेल्या माणसाचा स्टुडिओ. जुना गेम मुळातून समजलेल्या हातांचे काम आहे ते.

पुढच्या नोंदीत: ‘रेझोनन्स’चा शेवट, ‘लास्ट होप’च्या ट्रॉफींचा पात्रनिहाय तक्ता, आणि पाचव्या भागात कोणत्या लढाईआधी किती पातळी पुरते त्याचे मोजमाप.